कोरा ठेवलेला खांदा

अकरा नंबरच्या दालनात तेलरंगांना मनाई आहे.
वास येतो म्हणे, आणि फरशी जुनी.
म्हणून मी पाण्याचे रंग नेते:
बारा वड्यांची पत्र्याची डबी, दोन बरण्या, मांडीवर फळी.
मंगळवारी तिकीट अर्धं असतं.

समोर ती. साडेतीनशे वर्षांपासून
न्हाणं आटोपून उठू पाहणारी.
एक पाय तांब्याच्या घंगाळात, एक बाहेर,
उजवा हात मागे, मानेवरचे ओले केस उचलायला.
चित्रकाराचं नाव कुणाला ठाऊक नाही.
पाटीवर नुसतं 'बोलोन्यातला कुणी'.
माझ्या कागदाखाली तेवढंच लिहिलं तरी खोटं ठरणार नाही.

त्याचं बरं होतं.
आधी काळोख फासायचा, मग त्यातून अंग वर काढायचं,
आणि निघता निघता खांद्यावर
पांढऱ्याचा एक ठिपका.
चुकलं तर वरून लेप.
त्याचंही चुकलं होतं: वाकून पाहिलं
तर कोपराशेजारी आणखी एक कोपर दिसतं,
काढलेलं, मग बुजवलेलं.

पाण्याला बुजवता येत नाही.
माझ्या डबीत पांढरा नाही.
पांढरा म्हणजे जिथे मी हात लावणार नाही ती जागा,
आणि ती ठरवायची पहिल्या फटकाऱ्याच्या आधी.
साठी उलटल्यावर हे शिकायचं
म्हणजे जरा अतीच.

पाच कागद वाया गेले. कोपर बसेना.
हात मागे गेला की खांद्याचं हाड जातं कुठे?
ती सांगत नाही, ती आपल्या केसांत गुंतलेली.
सहाव्या मंगळवारी घरी आले
आणि कोटही न काढता एर्मेतेला म्हणाले,
सदरा काढ.

बत्तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला माणूस.
का म्हणून विचारलं नाही.
स्वयंपाकघरात स्टुलावर बसला,
मी पालक धुते त्या निळ्या टबात एक पाय,
आणि हात मागे नेऊन
नसलेले केस उचलले.
'असा?'
असा.
मी हसले नाही. हसले, पण नंतर.

पोटावर पित्ताशयाच्या ऑपरेशनची तिरपी खूण.
डावा हात उजव्याहून सावळा,
बत्तीस वर्षं खिडकीकडे होता तो.
आणि तिथे, मागे गेलेल्या हाताच्या मुळाशी,
हाड वर सरकून कातडीखाली उभं राहिलं,
चादरीखाली झोपलेल्या पोराच्या गुडघ्यासारखं.
चाळीस वर्षं याच खांद्यावर झोपले.
हे हाड मला माहीत नव्हतं.

'हात भरून आला.'
अजून थोडं.
'पाणी गार झालं, नीवेस.'
टबात पाणी कुणी ओतायला सांगितलं होतं तुला?
'चित्रात असेल ना,' तो म्हणाला.

पुढच्या मंगळवारी धुकं होतं, कागद वाळायला वेळ लागला.
गेरू, त्यात बोटभर पाणी, सावलीला हिरवट माती.
ओल्यावर ओलं,
मग वाट पाहायची, मग पुन्हा.
खांद्यावर पेराएवढी जागा सोडली.
ब्रश तिच्या कडेकडेने गेला,
झोपलेल्याच्या खोलीतून जावं तसा.

आणि तेवढ्यात कुंचल्यातून एक थेंब सुटला,
कमरेवर.
रंग मागे सरकला, कडा उमटली,
फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग.
पहाऱ्यावरचा तांक्रेदी खुर्चीतून उठून आला:
टिपकागद देऊ?
नको म्हणाले. का म्हणाले, कोण जाणे.
ओली असताना टिपला असता तर निघालाही असता.

घरी नेलं. टेबलावरचे पावाचे तुकडे झटकून ठेवलं.
एर्मेतेने चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं.
'कंबर बिघडली,' म्हणाला.
मग खांद्यापाशी बोट नेऊन,
न टेकवता,
'आणि इथे रंगवायचं राहिलंय.'